शिगेरू मिझुकी: धंदे बुडत गेले, माणूस चित्रं काढत राहिला

शाईचा_डाग

जपानी कॉमिक्सचा विषय निघाला की गाडी तेझुका या जुन्या सम्राट चित्रकारापासून सुटते आणि थेट आजच्या पोरांच्या मारामारीच्या मालिकांवर जाऊन थांबते. मधली स्टेशनं कोणी बघत नाही. त्यातल्या एका स्टेशनाबद्दल लिहितोय: शिगेरू मिझुकी (१९२२-२०१५).

जपानात याला न ओळखणारं पोर सापडणं कठीण. 'गेगेगे नो कितारो' ही त्याची मालिका. एका डोळ्यावर केस आलेला भुताच्या वंशातला मुलगा आणि त्याचा बाप. बाप म्हणजे नुसतं एक बुबुळ, त्याला हातपाय फुटलेले, चहाच्या वाटीत आंघोळ करत बसलेलं. त्यामुळे मिझुकी म्हटलं की भुतांचा चित्रकार, एवढ्यावर विषय संपतो. मला विचाराल तर हे त्याचं अर्धंच चित्र. त्याची कारकीर्द भुतांपेक्षा पोटाच्या अंगाने वाचायला हवी. ज्या ज्या धंद्यात तो शिरला तो तो धंदा काही वर्षांत बसला, आणि नाव झालं तेव्हा गडी ४३ वर्षांचा होता.

बालपण थोडक्यात. खरं नाव मुरा शिगेरू. जन्म ओसाकाचा, वाढला तोत्तोरी प्रांतातल्या साकाइमिनातो या मच्छीमार बंदरात. घरी कामाला येणारी एक म्हातारी होती, तिला सगळे नोननोनबा म्हणत. छताला ओलीचे डाग कोण पाडतं, रात्री रस्त्यावर मागून पावलं वाजतात ती कोणाची, हे सगळं त्याला तिने शिकवलं. शाळेत यथातथाच. सकाळी उठायचं नाव नाही, नोकऱ्या धरल्या त्या सुटल्या.

१९४३ साली लष्कराचं बोलावणं आलं. रेजिमेंटमध्ये त्याला बिगुल वाजवायच्या कामावर लावलं, ते काही केल्या जमेना. बदली मागायला गेला तर वरच्याने विचारलं, उत्तर हवं की दक्षिण? थंडी नको म्हणून हा दक्षिण म्हणाला. रवानगी थेट राबाऊलला, न्यू गिनीजवळच्या न्यू ब्रिटन बेटावर.

तिथे एका पुढच्या ठाण्यावर तो पहाटेच्या पहाऱ्यावर असताना हल्ला झाला. तुकडीतले बाकी सगळे मेले. हा समुद्रातून, जंगलातून, जवळपास उघडानागडा चालत आपल्या लोकांत पोचला. तिथे शाबासकी मिळाली नाही. सगळे मेले, मग तू कसा जिवंत आलास, असा जाब विचारला गेला. पुढे मलेरिया झाला, आणि त्या तापात पडलेला असताना विमानहल्ल्यात डावा हात जायबंदी झाला. लष्करी डॉक्टरने तो भुलीशिवाय कापला.

या सगळ्यात त्याला जगवलं ते तिथल्या तोलाई लोकांनी. गावात जाऊन बसायचा, ते खाऊ घालायचे. युद्ध संपल्यावर त्यांनी सांगितलं, इथेच राहा, घर देतो, जमीन देतो. आणि हा खरंच राहायला निघाला होता! डॉक्टरने समजावलं की आधी मायदेशी जाऊन हाताचं नीट ऑपरेशन करून घे, आईबापांना भेट, मग ठरव. सात वर्षांनी येतो असं सांगून निघाला. परत जायला वीसहून जास्त वर्षं गेली.

आता धंद्यांची यादी. मासे विकले. सायकलरिक्षा चालवायला दिल्या. मध्ये मुसाशिनोच्या कलाशाळेत शिकला, पण पोट भरेना. शेवटी कोबेला एक जुनाट इमारत घेऊन खोल्या भाड्याने दिल्या. इमारत मिझुकी नावाच्या रस्त्यावर, म्हणून तिचं नाव मिझुकी-सो. भाडेकरूंपैकी एकाच्या ओळखीने त्याला कामिशिबाईचं काम मिळालं आणि तो कामिशिबाईवाला त्याला इमारतीच्या नावावरून मिझुकी-सान म्हणू लागला. तेच नाव आयुष्यभर चिकटलं.

कामिशिबाई म्हणजे सायकलवर लाकडी चौकट बांधून गल्लोगल्ली फिरणारा गोष्टीवाला. चौकटीत एकामागून एक चित्रं सरकवत गोष्ट सांगायची आणि पोरांना गोळ्या विकायच्या. कमाई गोळ्यांची, गोष्ट फुकट. चित्रं छापत नसत. हाताने रंगवलेला एकच संच या गोष्टीवाल्याकडून त्या गोष्टीवाल्याकडे भाड्याने फिरायचा. म्हणजे रोज नवी चित्रं हवीत, आणि उद्या ती कुठल्या गावात आहेत हे चित्रकारालाही ठाऊक नाही. मिझुकीने तिथे वर्षानुवर्षं चित्रं रंगवली. १९५३ साली जपानात टीव्ही सुरू झाला आणि पाचेक वर्षांत पोरं गल्लीतून घरात गेली. धंदा बसला.

मग तो टोकियोला आला आणि काशिहोनमध्ये शिरला. ही भाड्याने वाचायला देणाऱ्या दुकानांसाठीच छापलेली जाड पुठ्ठ्याची कॉमिक्स. प्रती थोड्या, प्रकाशक गल्लीबोळातले, चित्रकाराला एकरकमी पैसे, तेही मिळाले तर. पहिलं पुस्तक १९५८ चं, 'रॉकेटमॅन'. तेव्हा तो ३५-३६ वर्षांचा. इतर चित्रकार त्या वयात थकून बाहेर पडत होते.

१९६० साली याच दुकानांसाठी त्याने कितारो सुरू केला. कल्पना मुळात युद्धापूर्वीच्या एका कामिशिबाईची, स्मशानात जन्मलेल्या पोराची. ती पुन्हा वापरायची परवानगी त्याने आधी घेतली होती. हा पहिला कितारो बघाल तर दचकाल. मेलेल्या आईच्या पोटातून, कबर फोडून बाहेर आलेलं एकाक्ष पोर, आणि त्याला सांभाळणारा रक्तपेढीतला कारकून. पुढचा गोड, न्यायी कितारो यात शोधून सापडत नाही. हा नुसता बघत उभा असतो आणि त्याच्या आसपासची माणसं नरकात जातात.

पुस्तक चाललं, पण प्रकाशक पैसे देईना. मिझुकी दुसऱ्याकडे गेला, तर पहिल्याने दुसऱ्या चित्रकाराकडून कितारो पुढे चालूच ठेवला! एकाच वेळी दोन कितारो भाड्याने फिरत होते. पुढे 'अकुमा-कुन' सुरू केलं. सैतानाला बोलावून जगातली गरिबी संपवायला निघालेला एक हुशार मुलगा. पाच भागांचं ठरलेलं, खपेना म्हणून तिसऱ्या भागात गुंडाळायला लावलं. त्या पुस्तकातला राग उसना वाटत नाही.

या काळातला एक किस्सा प्रसिद्ध आहे. एवढ्याशा उत्पन्नावर माणूस जगूच शकत नाही, नक्की लपवतोय, अशा संशयाने कर खात्याची माणसं घरी आली. मिझुकीने गहाण टाकलेल्या वस्तूंच्या पावत्यांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला.

दरम्यान काशिहोनही मरत होतं. १९५९ च्या मार्चमध्ये 'शोनेन मॅगझिन' आणि 'शोनेन संडे' ही दोन साप्ताहिकं एकाच दिवशी बाजारात आली. नवं कॉमिक दर आठवड्याला विकत मिळू लागल्यावर जुनं भाड्याने कोण आणणार? मिझुकीला वाचवलं ते याच साप्ताहिकवाल्यांनी. आधी त्यांनी अंतराळातली गोष्ट मागितली तर हा म्हणाला, ते माझं काम नाही. घरात दातावर मारायला पैसा नसताना! पुढे तुमच्या मनाची गोष्ट द्या म्हणून ते परत आले आणि १९६५ साली त्याने 'तेरेबी-कुन' दिली. टीव्हीच्या पडद्यात शिरून जाहिरातीतल्या नव्याकोऱ्या वस्तू उचलून आणणारा मुलगा. ज्या टीव्हीने त्याचा पहिला धंदा खाल्ला त्याच्यावरच्या गोष्टीला कोदान्शा या प्रकाशन संस्थेचा बालकॉमिक पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी कितारो 'शोनेन मॅगझिन'मध्ये आला, आणि १९६८ च्या जानेवारीत टीव्हीवर. मालिकेच्या मूळ नावात 'स्मशान' होतं, तसल्या नावाला जाहिरातदार मिळेना, म्हणून ते 'गेगेगे' झालं. लहानपणी त्याला स्वतःचं नाव नीट म्हणता येत नसे, गेगेरू म्हणायचा. ते तिथे कामाला आलं.

नंतरच्या पन्नास वर्षांबद्दल मुद्दाम लिहीत नाही, ते तुम्ही भरा.

मोरपंखी

मस्त लिहिलंय. 'धंद्यांची यादी' वाचताना धाप लागली.

पण बायको कुठेय यात? १९६१ च्या जानेवारीत त्याचं लग्न झालं. बघण्याचा कार्यक्रम आणि लग्न यात फक्त पाच दिवसांचं अंतर. नुनोए २९ वर्षांची, शिमाने प्रांतातली, हा ३८ चा आणि एका हाताचा. मुलगा टोकियोत चित्रं काढतो, बरं कमावतो, असं घरच्यांना सांगितलेलं. टोकियोजवळच्या चोफूला, त्याच्या घरी आल्यावर काय चित्र दिसलं असेल ते तुमच्या पावत्यांच्या गठ्ठ्यावरून कळतंच.

तिने २००८ साली आत्मचरित्र लिहिलं आणि २०१० मध्ये एनएचके या जपानी वाहिनीने त्यावर सकाळची मालिका केली. ती मी सबटायटल लावून पूर्ण पाहिली. आधी वाटलं होतं, सोशिक पत्नीचा उदो उदो असेल. थोडा आहेच. पण कामाचे तपशील फार चांगले आहेत. ती पानांच्या चौकटी आखायची, काळे भाग शाईने भरायची. एक हात नसलेला माणूस कागद खांद्याने दाबून धरून रेघ मारतो आणि शेजारी ही बसून काळं भरतेय. त्या काळातल्या पानांवर काळं किती असतं बघा! स्मशान, रात्र, जंगल, सगळं काळं. त्यातलं बरंचसं तिच्या हातचं आहे.

आणि पिकून काळी पडायला आलेली केळी. स्वस्त मिळायची म्हणून तीच आणायचे, आणि तो ती आवडीने खायचा. नवराबायको मिळून युद्धनौकांची प्लॅस्टिकची मॉडेलंही जोडत बसायचे, खायला नसताना. मला हे दारिद्र्याच्या सगळ्या वर्णनांपेक्षा खरं वाटलं.

खडूस_काका

लेख ठीक. दोन शंका आहेत.

एक, हात गेला तरी चित्रं काढली, ही गोष्ट सांगायला सोपी असते. सकाळी सकाळी 'सुप्रभात'च्या चित्राखाली येतात तसली. तुम्ही तसं केलं नाहीत हे मान्य, पण चर्चा तिकडे जायला वेळ लागत नाही म्हणून आधीच सांगून ठेवतो.

दोन, त्याची पानं मी पाहिली आहेत. माणसं बाळबोध, बटाट्यासारखी डोकी, लांबुळके दात. पार्श्वभूमी मात्र अशी की गवताची काडी न् काडी दिसते. दोन्ही एका हातचं वाटत नाही. पार्श्वभूमी कोणी काढली?

शाईचा_डाग

काका, दुसरी शंका रास्त आहे. पार्श्वभूमीचं बरंच काम मदतनिसांचं.

१९६६ साली मिझुकी प्रॉडक्शन सुरू झालं तेव्हा मदतीला कोण होतं बघा: त्सुगे योशिहारू आणि इकेगामी ऱ्योइची. त्सुगे पुढे स्वतःच्या नावावर दंतकथा झाला, इकेगामी आजही वास्तव शैलीतल्या चित्रांचा बाप समजला जातो. ही दोघं तुमच्या घरी बसून झाडं आणि दगड काढतायत म्हटल्यावर झाडं आणि दगड तसेच दिसणार. त्सुगे 'गारो' मासिकामुळे आला. ते नागाई कात्सुइचीने १९६४ साली काढलेलं. हाच नागाई आधी काशिहोन छापायचा आणि मिझुकीचं कितारो त्याने छापलं होतं. साप्ताहिकांत जागा न मिळालेली माणसं 'गारो'त जमली, मिझुकी पहिल्यापासून त्यात.

पण ही शैली ठरवली कोणी, तर मिझुकीने. त्याच्याकडे फोटो, कात्रणं, जुनी चित्रं यांचा प्रचंड साठा होता आणि त्यावरून बारीक ठिपके मारत मारत पार्श्वभूमी उभी करायची, ही पद्धत त्याची. ठिपक्यांचं काम इतकं कंटाळवाणं की मदतनीस वैतागत. साधं माणूस आणि खरंखुरं जग ही जोडी त्याने मुद्दाम केली. कितारोत नुसती मजा वाटते. युद्धावरच्या पुस्तकांत मात्र पोटात खड्डा पडतो, कारण बटाट्याच्या डोक्याचे विनोदी शिपाई फोटोसारख्या खऱ्या जंगलात चालत असतात आणि मेल्यावर त्यांची प्रेतंही फोटोसारखी खरी होतात.

श्रेय वाटून घ्यावं हे मान्यच. जपानी साप्ताहिकांचा सगळा डोलाराच मदतनिसांवर उभा आहे.

ओसाकाकर

धागा बघून राहवलं नाही. इथे ऑफिसच्या सुट्टीत साकाइमिनातोला जाऊन आलोय.

जवळच्या योनागो शहराहून जेआर रेल्वेची छोटी गाडी घ्यायची, पाऊणएक तास. डब्यांवर कितारो मंडळींची चित्रं, आणि प्रत्येक स्टेशनला एका भुताचं टोपणनाव. योनागो म्हणजे नेझुमी-ओतोको, तो उंदीरतोंड्या लबाड, आणि शेवटचं साकाइमिनातो म्हणजे कितारो स्टेशन. जवळच्या विमानतळाचं नावही योनागो कितारो!

स्टेशनपासून निघणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ब्राँझची भुतं. १९९३ मध्ये २३ पुतळ्यांनी सुरुवात झाली, २०१८ पर्यंत १७७ झाले. रस्त्यावरचे दिवेही बुबुळाच्या आकाराचे. पुतळे फार मोठे नाहीत, काही तर तळहाताएवढे, त्यामुळे सुरुवातीला चोरीला जायचे. टोकाला २००३ साली सुरू झालेलं मिझुकीचं संग्रहालय आहे.

गाव छोटंसं, मासेमारीवर जगणारं. खेकडे अप्रतिम. गावाच्या बाजारपेठेला उतरती कळा लागलेली असताना भुतांनी गिऱ्हाइकं आणली. दुकानदार आजोबांशी माझ्या मोडक्या जपानीत बोललो. त्यांचं म्हणणं, आधी लोकांनी नाकं मुरडली होती, बाजारात भुतं कशाला? आता बुबुळाच्या आकाराची मिठाई विकतात.

धागाकर्त्यांच्या पोटाच्या सिद्धान्तात हे बसतं का? इथे धंदा बुडत होता तो गावाचा.

जुनी_रद्दी

काशिहोनबद्दल वाचताना आमची गिरगावातली लायब्ररी आठवली. महिन्याची वर्गणी भरायची, रोज एक पुस्तक बदलायचं. रहस्यकथांची ती पातळ पुस्तकं विकत कोण घेत होतं? लायब्ररीवालेच घेत. लेखकाला एकरकमी पैसे, महिन्याला अमुक पुस्तकं पाडायची, मुखपृष्ठ भडक. टीव्ही आला आणि त्या लायब्रऱ्या एकेक करून बंद झाल्या. आमच्याकडची तर झेरॉक्सचं दुकान झाली.

फरक मला एवढाच दिसतो की तिथे काशिहोन मेल्यावर त्यातली चित्रकार मंडळी साप्ताहिकांत, 'गारो'त गेली. आमच्या रहस्यकथावाल्यांना पुढची पायरीच नव्हती. एवढी पुस्तकं लिहिलेली माणसं कुठे गेली कोणी विचारलं नाही.

मोरपंखी

@जुनी_रद्दी, अगदी. पण तिथेही गेले ते थोडेच हो. मिझुकी दिसतो कारण तो वर आला. त्याच्यासोबत भाड्याच्या पुस्तकांत राबलेले बाकीचे कितीतरी जण तिथेच संपले असणार.

खडूस_काका

ठीक. आता तिसरी शंका. भुतं त्याची स्वतःची किती? अठराव्या शतकातल्या तोरियामा सेकिएनच्या भुतांच्या चित्रसंग्रहातली चित्रं आणि मिझुकीची चित्रं शेजारी ठेवून बघा. बरीच जशीच्या तशी. उचलेगिरी म्हणायची की परंपरा?

कॉमिकवेडा

काका, सेकिएनचं उचललं हे खरंय, मिझुकीनेही ते कधी लपवलं नाही. पण कितारोच्या टोळीतली मुख्य मंडळी बघा. वाळू फेकणारी म्हातारी, बाळासारखा रडणारा म्हातारा, रस्ता अडवणारी भिंत, उडणारं कापड. यांची जुनी चित्रं सेकिएनकडे सापडत नाहीत. लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी गावोगावच्या भुतांच्या नोंदी जमवल्या होत्या. एकेका भुताला दोन-चार ओळी: अमुक गावात रात्री चालताना समोर भिंत आल्यासारखं होतं, पुढे जाता येत नाही. बस. ही भुतं ऐकू यायची किंवा जाणवायची, दिसत नव्हती. मिझुकीने त्यांना तोंडं दिली. आज जपानात कोणालाही ती भिंत काढायला सांगा, दोन डोळे आणि आखूड पाय असलेली मिझुकीचीच भिंत काढतील. चारशे मैलांवरच्या गावांची भुतं त्याने एका टोळीत आणून बसवली. (त्या भिंतीची गाठ आपल्याला न्यू ब्रिटनच्या जंगलात पडली होती, असंही तो सांगायचा. विश्वास ठेवा न ठेवा.)

आता माझा आवडता विषय: तेझुका विरुद्ध मिझुकी. तेझुका आधीच सम्राट, आणि मिझुकीपेक्षा सहा वर्षांनी लहान. कितारोच्या यशाने तो अस्वस्थ झाला आणि १९६७ ची त्याची 'दोरोरो' ही राक्षसांची मालिका त्यातूनच आली असं म्हणतात. मिझुकीने उत्तर दिलं 'इचिबान-ब्यो' या छोट्या कथेत. एक शवपेट्या बनवणारा कारागीर, त्याला सतत पहिला नंबर हवा असतो. कोणावर बेतलाय हे सांगायला नको.

आणि झोपेचा किस्सा. एका समारंभात तेझुका आणि इशिनोमोरी हा दुसरा गाजलेला कॉमिक चित्रकार, किती रात्री जागलो याच्या फुशारक्या मारत होते. मिझुकी म्हणाला, मी काहीही झालं तरी झोपतो. यावर त्याने म्हातारपणी एक छोटं कॉमिकही काढलं. तेझुका १९८९ मध्ये गेला, इशिनोमोरी १९९८ मध्ये, दोघेही साठीचे. मिझुकी ९३ चा होऊन गेला, आणि नव्वदी ओलांडल्यावर २०१३ मध्ये 'बिग कॉमिक'मध्ये नवी मालिका सुरू केली.

खडूस_काका

तोंडं दिली हा मुद्दा पटला. झोपेचा पटला नाही. मदतनिसांना ठिपके मारायला लावून मालक झोपला तर तो ९३ वर्षं जगणारच.

शाईचा_डाग

:) काका, मदतनिसांसाठी हा टोला राखून ठेवला होतात वाटतं.

झोपेचं खरं तेवढं मिथकही आहे. त्याच्या सुखाच्या सात नियमांत 'आळशी व्हा' असा एक नियम आहे. लोक तोच उचलतात. त्याच यादीत प्रतिभा आणि कमाई या वेगळ्या गोष्टी आहेत, असंही एक कलम आहे. ते पावत्यांच्या गठ्ठ्यातून आलेलं आहे, म्हणून मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आणि साठच्या दशकाच्या शेवटी तो स्वतःच कामाने पिचून गेला होता. टीव्ही, साप्ताहिकं, मासिकं सगळं एकदम. एकदा उपाशी राहिलेला माणूस काम नाकारू शकत नाही. १९७० च्या आसपास तो राबाऊलला परत गेला, जुने तोलाई मित्र भेटले, आणि त्यानंतर त्याने कामाचा वेग उतरवला. पुन्हा तिथे राहायला जायचा बेत होता, घरच्यांनी हाणून पाडला. आळस हा त्याच्यासाठी तिथून शिकून आलेला धडा होता, स्वभावात थोडा होताच म्हणा.

रानवाटा

राबाऊलचा उल्लेख आला म्हणून लिहितो. सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या हाती लागलेल्या भारतीय युद्धकैद्यांपैकी हजारो जणांना न्यू ब्रिटन आणि न्यू गिनीत मजुरीसाठी नेलं होतं. उपासमार, मलेरिया, मारहाण, आणि वर दोस्त राष्ट्रांचीच बॉम्बफेक. १९४५ च्या सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियन सैन्य राबाऊलला उतरलं तेव्हा उरलेले सुटले. तिथल्या बिता पाका दफनभूमीत भारतीय सैनिकांची नावं आहेत. मिझुकी ज्या बेटावर होता त्याच बेटावर, त्याच काळात.

म्हणून मी त्याचं युद्धावरचं पुस्तक वाचायला घेतलं तेव्हा मनात अढी होती. १९७३ चं 'सोइन ग्योकुसाई सेयो'. बेटावरच्या तुकडीला आत्मघातकी हल्ल्याचा हुकूम मिळतो. त्यातून काही जण वाचतात. पण सगळे वीरमरण पावले असं वर कळवून झालेलं असतं, म्हणून वाचलेल्यांना पुन्हा मरायला पाठवतात. नव्वद टक्के खरं आहे असं त्याने स्वतःच लिहिलंय. प्रत्यक्षात काही जण जगले, पुस्तकात एकही जगत नाही.

शत्रूबद्दल त्यात जवळजवळ काहीच नाही. कैदी नाहीत, बेटावरचे लोकही फारसे नाहीत. सगळा राग आपल्याच अधिकाऱ्यांवर. त्याच्या थोरल्या भावाला कैद्यांना मारल्याबद्दल युद्धगुन्हेगार म्हणून शिक्षा झाली होती. मग त्या बाजूने तो लिहिणार तरी किती, असं एकदा वाटतं. तरी अढी थोडी राहिलीच.

शाईचा_डाग

रानवाटा, अढी राहू द्या, तिच्यासकट 'शोवा' वाचा. १९८८-८९ मधलं काम, आठ भाग. १९२६ पासूनचा जपानचा सगळा इतिहास, मध्ये मध्ये त्याचं स्वतःचं आयुष्य, आणि निवेदक कोण, तर नेझुमी-ओतोको! देशाचा इतिहास सांगायला त्याने सगळ्यात लबाड पात्र निवडलं. सम्राट हिरोहितो ८९ च्या जानेवारीत गेले आणि शोवा काळ संपला, त्याच सुमारास हे पुस्तक पुरं होत होतं. चीनमधल्या युद्धाबद्दल, तिथल्या अत्याचारांबद्दल तो यात सरळ बोलतो. कैद्यांबद्दलची तुमची तक्रार पूर्ण भागणार नाही, पण ७३ च्या पुस्तकापेक्षा हा माणूस बराच पुढे आलेला दिसेल. त्याला यासाठी कोदान्शाचा कॉमिक पुरस्कार मिळाला, सरकारी मानसन्मानही पुढे आले. त्याआधी ऐंशीच्या सुरुवातीला पुन्हा कामं आटली होती, हेही यादीत टाका.

पाटी_पेन्सिल

सगळे प्रतिसाद वाचले, भारी चर्चा. माझा मुलगा १० वर्षांचा आहे, जपानी कार्टून बघतो. त्याला काय देऊ? आणि मला स्वतःला कुठून सुरुवात करता येईल? जपानी येत नाही, इंग्रजी चालेल.

शाईचा_डाग

मुलाला कितारोचे इंग्रजी खंड द्या, ड्रॉन अँड क्वार्टर्ली या कॅनडातल्या प्रकाशकाचे. त्यात साठच्या दशकातल्या साप्ताहिकातल्या गोष्टी आहेत, शेवटी भुतांची माहितीही असते. काशिहोनमधला जुना कितारो मात्र इतक्यात नको. २०२३ च्या कितारोच्या सिनेमाच्या भानगडीतही त्याच्यासोबत पडू नका, तो मोठ्यांसाठी आहे, चांगला रक्तरंजित.

तुमच्यासाठी 'नोननोनबा'. बंदरातलं बालपण, ती म्हातारी, पोरांच्या टोळ्यांची युद्धं. २००७ मध्ये फ्रान्सच्या आंगुलेम महोत्सवात सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा मान याला मिळाला, जपानी कॉमिकला तो पहिल्यांदाच. त्यानंतर रानवाटांनी सांगितलेलं, इंग्रजीत 'ऑनवर्ड टुवर्ड्स अवर नोबल डेथ्स'. 'शोवा' इंग्रजीत चार जाडजूड खंडांत आहे, महाग पडतं. आधी पहिले दोन घ्या, युद्धाचा बराचसा भाग तिथे आहे.

ओसाकाकर

'शोवा'चा तिसरा आणि चौथा खंड वगळू नका! कामिशिबाई, काशिहोन, गहाणाच्या पावत्या, हे सगळं या पुढच्या खंडांत येतं. या धाग्याचा विषयच तिथे आहे. पुण्या-मुंबईत कोणाला मिळत नसेल तर मी डिसेंबरात येतोय, माझा संच वाचायला देईन. परत मिळाला पाहिजे.

जुनी_रद्दी

वर्गणी किती?